गाडीच्या काचेचा विजेचा बोर्ड बिघडल्यास काय पाहावें

(पनवेल तालुक्यांतील एका सभासदाकडून)

पनवेल हें गांव एके काळीं बैलगाडीच्या चाकांकरितां प्रसिद्ध होतें. घांटावरून मालाच्या गाड्या बंदरास येत, आणि परततांना चाकांची नवी जोडी घेऊन जात. त्या काळच्या गाडीवानास चाकाचें दुखणें कानानें कळे. आरा ढिला झाला, कीं धांव सुटली, कीं आंसास वंगण उरलें नाहीं, हें तो चालत्या गाडीच्या आवाजावरून सांगे. आज त्याच पनवेलीवरून पुण्याचा जुना हमरस्ता, गोव्याचा रस्ता आणि सन २००२ पासून पूर्ण खुला झालेला द्रुतगतिमार्ग जातो, व आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या अंगणांत मोटारगाडी उभी असते. मात्र या गाडींत असे कांहीं भाग आहेत कीं ते बिघडले असतां आपण डोळे मिटून दुसऱ्याच्या हवालीं होतों. काच वर-खालीं करणाऱ्या बटणांखालचा विजेचा लहानसा बोर्ड हा त्यांपैकीं एक. प्रस्तुत लेखकावर गेल्या वर्षीं या बोर्डामुळें जो प्रसंग आला तो येथें सविस्तर देत आहें. पैशाचें नुकसान झालें तें झालेंच. परंतु त्याहून मोठें कारण असें कीं, त्यांत एका मुलीचा हात थोडक्यांत वांचला.

सन २०२५ च्या आषाढांतील गोष्ट. लावणी चालू होती. आमची गाडी दहा वर्षांची. चालकाच्या बाजूची काच बटण दाबलें म्हणजे खालीं येई. परंतु वर नेण्याकरितां तेंच बटण ओढलें असतां कधीं चढे, कधीं न चढे. दारावर तळहाताची थाप मारली कीं ती चढूं लागे, आणि चढतांना बटणांखालून बारीक तडतड असा आवाज ऐकूं येई. या तडतडीचा अर्थ तेव्हां कळला असता तर पुढचा प्रसंग टळता. पनवेल शहरांतील एका दुरुस्तीच्या दुकानांत गाडी नेली. मेस्त्रीनें दोन वेळां बटण दाबून पाहिलें आणि "काका, बोर्ड गेला. नवीन टाकावा लागेल," असा निकाल दिला. किंमत चौदा हजार रुपये. त्या वर्षींच्या खरिपास साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे एका काचेसाठीं जवळजवळ सहा क्विंटल भात! मीं म्हटलें, "मोटर कमजोर झाली नसेल ना?" त्यावर त्यानें तीही बदलून दिली. मोटरचे पैसे गेले, तडतड राहिली. दोष केवळ त्या मेस्त्रीचा नव्हे. त्यानें तपासणी केली नाहीं हें खरें, पण मींही तपासणी करा असें म्हटलें नव्हतें, भाग बदला असेंच म्हटलें होतें.

पुढें पंधरा दिवसांनीं शेताच्या बांधाशीं गाडी चालू ठेवून मी आंत बसलों होतों. माझी नात, वय वर्षें नऊ, जेवणाचा डबा देण्याकरितां उघड्या काचेंतून हात आंत घालून उभी होती. बटणास माझा स्पर्शही नव्हता; तरी काच एकाएकीं वर चढूं लागली आणि मुलीच्या मनगटाच्या वरचा भाग काच व चौकट यांमध्यें सांपडला. मीं घाईनें खालीं नेण्याचें बटण दाबलें. काचेचा जोर थांबला, पण ती खालीं येईना. बटण सोडतांच पुन्हां जोर सुरू. पुन्हां दाबलें; तेंच. तेव्हां किल्ली फिरवून गाडी बंद केली. मोटर थांबली, तरी काच होती तेथेंच अडून राहिली. अखेर मीं आंतून व मुलीच्या आजीनें बाहेरून काचेस दोन्ही तळहात दाबून ती अर्धें बोट खालीं सरकवली, तेव्हां हात निघाला. हाड शाबूत होतें; काळानिळा वळ मात्र आठ दिवस राहिला. मुलीनें रडतां रडतां विचारलें, "आबा, तुम्ही का बटण दाबलंत?" त्या प्रश्नानंतर या बोर्डाचा छडा लावल्यावांचून राहवेना. माझा एक पुतण्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचें काम करतो. त्याला घरीं बोलावून आम्हीं दोघांनीं दार उघडलें.

आतां ही यंत्रणा चालते कशी, तें पाहूं. कुर्ल्याच्या कारखान्यांत होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी गाडीची काच हातानें दांडा फिरवून वर-खालीं करावी लागे. ज्यांनीं ती गाडी वापरली आहे त्यांना तो दांडा आठवत असेल. बटणानें काच चालविण्याची सोय अमेरिकेंत सन १९४० च्या सुमारास पॅकार्ड गाड्यांतून आली, पण ती तेलाच्या दाबावर चाले. विजेची मोटर नंतरची. आजच्या गाडींत दारामध्यें बारा व्होल्टवर चालणारी एक लहान मोटर असते. तिचे दोन वायर. एकास बॅटरीचें धन टोंक व दुसऱ्यास अर्थ, म्हणजे गाडीचा धातूचा सांगाडा, जोडला तर ती एका दिशेनें फिरते. जोडणी उलट केली तर उलट फिरते. मोटरला मळसूत्र व दांतेरी चाक यांची जोडी लावलेली असल्यामुळें मोटर काचेस हलवूं शकते, पण काच मोटरला फिरवूं शकत नाहीं. म्हणूनच किल्ली बंद केल्यावरही काच अडून राहते व मुलीचा हात आपोआप सुटत नाहीं.

मोटरला साधारण पांच ते आठ अँपियर प्रवाह लागतो, आणि काच अडली तर वीसपर्यंत जातो. एवढा प्रवाह बटणाच्या नाजुक पट्टींतून न नेतां तो रिलेमधून नेतात. आपल्याकडील खारजमिनीच्या बांधाला जशी उघाडी असते तसा हा रिले समजावा. एक माणूस झडप उचलतो, पण तिच्यांतून पाणी वाहतें तें साऱ्या शेताचें. रिलेच्या पोटांत बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतून थोडासा प्रवाह गेला कीं तें लोहचुंबक बनून एक पट्टी ओढतें आणि त्या पट्टीनें मोठ्या प्रवाहाची वाट उघडते. आमच्या रिलेच्या वेटोळ्याचा अवरोध २२५ ओम भरला. म्हणजे त्यांतून अँपियरचा अवघा विसावा भाग जातो, आणि त्याच्या बळावर शंभरपट प्रवाह हलतो. दर मोटरमागें असे दोन रिले असतात. काच स्वस्थ असतां दोन्ही रिले आपापल्या वायरला अर्थाशीं जोडून ठेवतात. वर नेण्याचें बटण ओढलें कीं एक रिले आपला वायर धन टोंकाकडे नेतो, खालीं नेण्याचें दाबलें कीं दुसरा. चालकाच्या काचेचे हे दोन रिले, त्यांना हुकूम देणारी चिप व इतर बारीकसारीक भाग ज्या पाटीवर टांकलेले असतात तोच हा बोर्ड. आमच्या गाडींत तो चालकाच्या दाराच्या बटणांखालींच आहे.

एवढें समजलें कीं बांधावरच्या त्या प्रसंगानें रोग आधींच सांगून ठेवला होता असें दिसेल. बटण न दाबतां काच चढते, याचा अर्थ वर नेणाऱ्या रिलेची पट्टी धन टोंकाला चिकटून बसली आहे. खालीं नेण्याचें बटण दाबलें कीं दुसरा रिलेही आपला वायर धन टोंकाला नेतो. मग मोटरच्या दोन्ही वायरांवर बारा-बारा व्होल्ट! दोन खाचरांमधील बांधाच्या दोन्ही अंगांस पाणी सारख्याच उंचीचें असेल, तर मोरी उघडून ठेवली तरी पाणी कोणीकडेच वाहत नाहीं, तसेंच येथें. मोटर थांबते, पण उलट फिरत नाहीं. बटण दाबल्यावर काच थांबते परंतु उतरत नाहीं, हें लक्षण दिसलें तर मोटर, वायर किंवा फ्यूज यांच्यामागें लागण्याचें कारण नाहीं. रिले चिकटलेला आहे. आणि असें लक्षण एकदां जरी दिसलें, तरी त्या क्षणापासून त्या काचेचा फ्यूज काढून ठेवावा. घरांत मूल असेल तर गाडी दुकानांत जाईपर्यंतही वाट पाहूं नये.

ज्यांच्या गाडीची काच केवळ चालत नाहीं, आपोआप चढत नाहीं, त्यांनीं मात्र बोर्डाकडे सर्वांत शेवटीं यावें. प्रथम फ्यूज पाहावा. तो उडाला असेल तर तेवढ्याच अँपियरचा नवा घालावा. तो पुन्हां उडाला तर कारण शोधावें. कित्येक ठिकाणीं फ्यूजच्या जागीं वायरचा तुकडा घालून देतात. पेंढा भरलेल्या खळ्याशेजारीं उभ्या राहणाऱ्या गाडींत हा तुकडा म्हणजे जळती काडीच होय. त्यानंतर दार व गाडी यांमधील रबरी नळी मागें सारून आंतील वायर पाहावे. दार दिवसांतून वीस वेळां उघडतें-मिटतें, आणि त्याबरोबर ते वायरही वांकतात. बाहेरचें आवरण अखंड दिसत असतां आंतील तांबें तुटलेलें पुष्कळदां आढळतें. वायर एकेक करून हलकेच ओढावा. जो रबरासारखा ताणला जाईल तो आंतून तुटलेला आहे.

येथें मीटर वापरणाऱ्यांची एक नेहमींची फसगत सांगणें जरूर आहे. मोटरचा जोड काढून त्या वायरला मीटर लावला तर तो साडेबारा व्होल्ट दाखवील, आणि तरीही मोटर चालणार नाहीं. पाटाच्या तोंडाशीं गाळ बसला असला तरी शेवटची मोरी बंद असतां पाणी हळूहळू भरून तेथपर्यंत पातळी दाखवतेंच. मोरी उघडतांच पातळी बसते. वायर एका केसाएवढा शिल्लक असला तरी मीटर फसतो. यासाठीं गाडीच्या वळणदिव्याचा २१ वॉटचा बल्ब दोन वायर लावून त्या जागीं जोडावा व बटण दाबावें. हा बल्ब पावणेदोन अँपियर ओढतो. तो लखलखीत पेटला तर वाट बरीच मोकळी आहे. मंद पेटला तर वाटेंत कोठें तरी गाळ आहे. बल्ब पेटत असतांनाच मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोंकावर व दुसरी वाटेंतील एकेका जोडावर ठेवीत गेल्यास, ज्या जागीं आंकडा एकदम वाढतो ती जागा दोषाची. अर्थाच्या बाजूसही बॅटरीच्या ऋण टोंकापासून असेंच पाहावें. आमच्या अनुभवानें निम्मे दोष त्या बाजूस निघतात आणि तिकडे कोणी पाहत नाहीं.

मोटरची परीक्षा सोपी. तिचे दोन वायर मोकळे करून फ्यूज घातलेल्या जोडवायरनें बॅटरीशीं क्षणभर जोडावे, मग उलट जोडावे. दोन्ही दिशांस काच सारख्या गतीनें हलली तर मोटर निर्दोष. मींही हें आधीं केलें असतें तर नव्या मोटरचे पैसे घरांत राहिले असते. जुनी मोटर अजून फडताळांत पडली आहे, आणि ती उत्तम चालते.

आतां आमच्या बोर्डाकडे वळतों. बॅटरीचें ऋण टोंक सोडवून, बटणांचा संच दारावरून उचलून, त्याची पेटी उघडली. पहिलें जें दृष्टीस पडलें तें हिरवट बुरशीसारखें थर. तांब्यावर पाणी व खारी हवा यांनीं धरलेला हा गंज होय. पनवेलीस पावसाळ्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि खाडीची हवा बारा महिने असते, तेव्हां नवल कांहीं नाहीं. पुतण्यानें मीटर लावला. बोर्ड मेजावर असतां मोटरच्या दोन्ही वायरांच्या खुंट्या अर्थाच्या खुंटीशीं जोडलेल्या, म्हणजे जवळजवळ शून्य ओम, दिसावयास पाहिजेत. एक तशी दिसली. दुसरी अर्थाशीं मुळींच जोडलेली नव्हती. ती धन खुंटीशीं शून्य ओम दाखवीत होती. बांधावर जो तर्क केला तो मेजावर सिद्ध झाला.

परंतु पुतण्या एवढ्यावर थांबला नाहीं, आणि या लेखांतील सर्वांत उपयोगी गोष्ट मला त्याच्याकडूनच मिळाली. तो म्हणाला, "काका, रिले चिकटला खरा; पण का चिकटला? नवा घातला आणि कारण तसंच राहिलं तर तोही चिकटेल." त्यानें बोर्ड उलटा करून भिंगाखालीं धरला. रिलेच्या पांच पायांपैकीं वेटोळ्याच्या एका पायाभोंवतीं सोल्डरचा टांका होता, पण त्यांत केसासारखी गोल चीर गेली होती. दार दिवसभर आपटतें, उन्हांत तापतें, पावसांत निवतें. अशानें टांका पायापासून सुटतो व वरून मात्र जागच्या जागीं दिसतो. आतां तडतडीचा अर्थ लागला. वेटोळ्यास प्रवाह कधीं मिळे, कधीं तुटे. त्याबरोबर पट्टी क्षणांत अनेकदां जोडे व सुटे. मोटर सुरू होतांना प्रवाह सर्वांत मोठा असतो, आणि नेमक्या त्याच वेळीं पट्टीच्या टोंकाशीं ठिणग्या उडत. दारावर थाप मारून मीं ती क्रिया लांबवीत होतों. ठिणग्यांनीं टोंकें वितळून अखेर एकजीव झालीं. म्हणजे चौदा हजारांच्या बोर्डांत बिघडलेला होता एक टांका, आणि त्याच्या पायीं एक रिले.

दुरुस्ती अशी केली. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल व दांत घासण्याचा मऊ ब्रश यांनीं धुवून हिरवा थर काढला व रात्रभर सुकूं दिला. जुना रिले उपसून त्याच मापाचा, बारा व्होल्टचा व तितकेच अँपियर पेलणारा नवा बसविला. नुसत्या फाटलेल्या टांक्यावर नवें सोल्डर न थापतां जुनें शोषून काढलें, पाय खरवडून स्वच्छ केला, फ्लक्स लावला, आणि मग टांका घातला. पुष्कळ बोर्डांवर शिसें नसलेलें सोल्डर असतें. तें सुमारें २१७ अंश सेंटिग्रेडला वितळतें, तर शिसें मिसळलेलें १८३ अंशांपासून. म्हणून पहिलें सोल्डर लवकर वितळलें नाहीं तरी कावीळ डाग देऊं नये, म्हणजे घाईनें फार तापवून पाटीवरची तांब्याची रेघ उखडूं नये. शिशाचें काम झाल्यावर तंबाखू मळण्यापूर्वीं हात साबणानें धुवावे. दुसऱ्या रिलेचे टांके निर्दोष दिसत असतांही आम्हीं ते नव्यानें घातले. ज्या धक्क्यांनीं एक फाटला तेच धक्के त्यालाही बसले होते. शेवटीं टांक्यांच्या बाजूवर विजेच्या पाट्यांना लावतात तें पारदर्शक रोगण दिलें. तें बटणांच्या संपर्कपट्ट्यांवर जाऊं नये, एरवीं बरा बोर्ड बिघडावयाचा. गाडींत बसविण्यापूर्वीं मोटरच्या जागीं तोच २१ वॉटचा बल्ब लावून दोन्ही दिशा पन्नास वेळां चालवून पाहिल्या. खर्च रिलेचा, सोल्डरचा व पुतण्याच्या जेवणाचा.

मग पाणी आलें कोठून, हा प्रश्न राहिला. काचेवरून ओघळणारें पाणी दाराच्या पोटांत शिरतेंच. तें तसें शिरावें व तळच्या भोंकांतून निघून जावें अशीच दाराची रचना आहे. आमच्या दारांचीं हीं भोंकें शेतांतल्या लाल चिखलानें बुजलीं होतीं. काडी घातली तेव्हां वाटीभर पाणी पडलें. दुसरें, दाराच्या आंतील आच्छादनामागें प्लॅस्टिकचा जो पडदा चिकटविलेला असतो तो मोटर बदलतांना फाडला गेला होता व परत चिकटविला नव्हता. तिसरी वाट आमच्याच संवयीची. पूर्वीं टोलनाक्यावर पैसे देण्यास भर पावसांत काच खालीं करावी लागे. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून तें कमी झालें, पण बांधावर गड्यांशीं बोलतांना काच अर्धी उघडी ठेवून, भिजल्या छत्रीचें पाणी बटणांवर गाळण्याची खोड कायम आहे.

सर्वच बोर्ड असे सुधारतील असें नाहीं. बोर्डावरील पांच व्होल्टचा पुरवठा नाहींसा झाला असेल तर तो देणारा भाग स्वस्त असतो व बदलतां येतो. परंतु खुद्द चिप गेली, अथवा गंजानें रेघा खाऊन टाकल्या, तर नवा किंवा मोडींत निघालेल्या गाडीचा बोर्ड घ्यावा लागतो, आणि कांहीं गाड्यांत तो संगणकानें गाडीशीं जुळवून घ्यावा लागतो. तें आधीं विचारल्यावांचून जुना बोर्ड विकत घेऊं नये. कांहीं गाड्यांची काच अडथळा लागतांच आपोआप माघार घेते. परदेशी नियमांत त्यासाठीं १०० न्यूटन, म्हणजे सुमारें दहा किलो वजनाएवढ्या दाबाची मर्यादा घातलेली आहे. ही सोय चांगली, पण ती चिपच्या हुकुमावर चालते. रिले चिकटल्यावर हुकूम ऐकणारा कोणी उरत नाहीं.

बॅटरी सोडवून पुन्हां जोडली म्हणजे अशी काच आपली वरची सीमा विसरते. तेव्हां ती पूर्ण वर नेऊन बटण आणखी कांहीं सेकंद ओढून धरावें लागतें. हें ठाऊक नसल्यामुळें आमची काच पहिल्या दिवशीं थोडी चढून थांबे, आणि दुरुस्ती फसली असें वाटून आम्हीं दार पुन्हां उघडण्यास बसलों होतों. गाडीबरोबरचें माहितीपुस्तक वाचल्यावर उलगडा झाला. त्यानंतरचा सारा पावसाळा काच बिनतक्रार चालली. काढलेला रिले पुतण्यानें पक्कडीनें फोडून दाखविला. दोन टोंकांचा मिळून कण्या तांदळाएवढा एक काळा थेंब झाला होता. तो मी पुडींत बांधून पनवेलीच्या त्या मेस्त्रीकडे नेला. त्यानें भिंग मागवून तो बराच वेळ पाहिला, आणि आपल्या पोऱ्याला हांक मारून त्यालाही दाखविला.